पुन्हा चूलच का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गोवंडीत डबे करणाऱ्या बायकांचा आमचा गट आहे, त्याबद्दल बोलायला मी जाते. कार्यक्रम कॉलेजातला असो की एखाद्या सोसायटीतला, शेवटी एक हात वर होतोच. "ताई, बाईने चुलीपासून सुटावं म्हणून इतकी वर्षं सगळ्या भांडल्या, आणि तुम्ही गावाकडून आलेल्या बायकांना परत डबे करायला बसवता. पुन्हा चूलच का?"

विचारणाऱ्या बहुतेक जणी मनापासून विचारतात. म्हणून उत्तरही पुरतं द्यायला हवं, आणि ते माझ्या आईपासून सुरू होतं.

आई पाटण तालुक्यातून लग्न होऊन लालबागला आली. वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. आमच्या खोलीत आई चौदा गड्यांची खानावळ चालवायची. सगळे साताऱ्याकडचे, बायकामुलं गावी ठेवून आलेले, एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे. पहिल्या पाळीचे डबे उजाडायच्या आत भरलेले लागायचे. दुपारी दुसऱ्या पाळीवाले पंगतीला, आणि रातपाळीला जाणाऱ्यांच्या भाकरी संध्याकाळी. चौदा माणसांच्या भाकरी स्टोव्हवर थापणाऱ्या बाईचा उजवा खांदा पन्नाशीतच उचलेनासा होतो, हे मी घरात पाहिलंय.

गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. मुंबईच्या गिरण्या कापसावर चालल्या तशा या बायकांच्या भाकरीवरही चालल्या. वाण्याकडून महिनाभर उधारीवर माल आणायचा, पगार झाला की गड्यांनी पैसे द्यायचे, त्यातून वाण्याचं फेडायचं. एखाद्याने पैसे बुडवले किंवा घरात आजारपण निघालं की व्याजाने पैसे उचलायचे आणि मंगळसूत्र गहाण पडायचं. हे ओळखून कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबांना कर्ज द्या असं सरकार सांगत होतं, पण खानावळवालीकडे तारण कुठलं? मग बायकांचे गट केले, एकीने दुसरीची हमी घ्यायची आणि बँकेने त्या हमीवर कर्ज द्यायचं. आज बचत गटाचं कर्ज सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी बँकेच्या काउंटरसमोर नऊवारीतली खानावळवाली उभी राहणं हीच मोठी गोष्ट होती.

आई मात्र गेली नाही. वडील म्हणाले, आपल्याला कशाला बँकेची भानगड, आणि विषय संपला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने आईने सगळ्यांना जेवू घातलं. "संप मिटला की देतो, मावशी," असं प्रत्येकजण म्हणायचा आणि कुणी खोटं बोलत नव्हता. मग एकेक जण गावी गेला. वाण्याची उधारी मात्र आईच्या शब्दावर होती, ती तिने पाटल्या विकून फेडली.

आई गेल्यावर तिची वही माझ्याकडे आली. ज्वारी, तांदूळ, रॉकेल, सुकट, मीठ, सगळं पैशा-पैशाने मांडलेलं आहे. कोणी किती दिवस गावी गेला, त्याचे किती वजा केले, तेही आहे. मी ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिली. आईच्या कष्टाचा एक रुपया त्यात कुठे धरलेला नाही.

गोवंडीतल्या आमच्या गटात आज अकरा जणी आहेत. तिघी बीड-जालन्याकडच्या, उसाच्या फडातून थेट मुंबईला आलेल्या. बाकीच्या बिहार-उत्तर प्रदेशातल्या, आणि एक नेपाळची. त्यांना स्वयंपाक मी शिकवत नाही. तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला येतो. शिकवायचा असतो तो हिशेब, आणि तोही मी आईची वही समोर ठेवून शिकवते.

एक उदाहरण देते. दरभंग्याची एक भाभी वीस डबे करायची, ऐंशी रुपयांना एक. सामानाला पंचेचाळीस लागतात, म्हणजे पस्तीस सुटतात, असं ती आनंदाने सांगायची. आम्ही बसून मांडलं. डब्यामागे गॅस सहा रुपये, पोचवणारा मुलगा आणि डब्याचं पॅकिंग मिळून बारा. उरले सतरा. वीस डब्यांचे तीनशे चाळीस. बाजारहाटापासून भांडी घासेपर्यंत सहा तास, म्हणजे तासाला छप्पन-सत्तावन्न रुपये. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग डबा शंभरला केला. तीन गिऱ्हाइकं सुटली, सतरा उरली, आणि दिवसाला सहाशे एकोणतीस रुपये मिळायला लागले. कष्ट कमी झाले ते वेगळंच.

आता गॅसचं बघा. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा, तो धंद्याला वापरायचा नाही असा नियम. धंद्याचा १९ किलोचा, महाग, आणि तो घेताना पत्त्याचा पुरावा हवा. अन्न परवान्याच्या नोंदणीलाही जागेचा कागद हवा. मी पहिल्यांदा ही नोंदणी करून दिली तेव्हा बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाला फक्त शंभर रुपये शुल्क होतं. शंभर रुपये कुणीही भरतं हो. अडतं ते मालकाच्या सहीपाशी. दहा बाय दहाची खोली, अकरा महिन्यांचा करार, तोही नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर. मालकाला वाटतं, बाईच्या नावाने कागद झाला तर उद्या ती हक्क सांगेल. एका सहीसाठी आम्ही चार-चार महिने फेऱ्या मारल्यात. शेवटी गटाच्या नावाने एक गाळा भाड्याने घेतला आणि सगळ्यांच्या चुली तिथे आणल्या. खाती मात्र प्रत्येकीची स्वतःची, एकटीच्या नावाची. यात मी कुणाचं ऐकत नाही.

मग शिवणकाम का नाही, पार्लर का नाही, असंही विचारतात. ज्यांना हवं त्या जरूर करोत. पण घर सोडून आलेल्या बाईकडे दाखला नसतो, ओळख नसते, अनामत भरायला पैसे नसतात. हाताला असते ती चव. फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईत उतरलेल्या आणि कल्याणच्या लष्करी छावण्यांत राहिलेल्या सिंधी घरांतही हेच झालं. ती छावणी म्हणजे आजचं उल्हासनगर. चेंबूर कॅम्पातल्या एक आजी मला सांगायच्या, त्यांची आई पापड लाटायची आणि वडील खांद्यावर गठ्ठा टाकून गल्लोगल्ली विकायचे. हवेलीतून आलेल्या बाईला पापड विकताना लाज नाही वाटली का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "लाज दानाचं पीठ घ्यायला वाटायची." लिज्जतची सुरुवातसुद्धा १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट कधीच येत नाही, ती मी सांगते. फोनवर ऑर्डर देणारी माणसं विचारतात, "जेवण बनवणाऱ्या बायका कुठल्या?" आधी मला वाटायचं, गाव विचारतायत. मी बीड सांगायचे. मग दुसरा प्रश्न यायचा, "नाही, म्हणजे आडनावं काय?" आमच्यात मुसलमान बायका आहेत, दलित बायका आहेत. बंगल्यात भांडी घासायला चालतात, पोळ्या लाटायला चालत नाहीत. आम्ही अकरा जणींनी बसून ठरवलं की प्रत्येक डब्यावर बनवणारीचं पूर्ण नाव लिहायचं. त्या महिन्यात एका मोठ्या सोसायटीची गणपतीची ऑर्डर गेली. दोघींना वाटलं, चुकलं आपलं, आणि त्यांचं वाटणंही खरं होतं, कारण भाडं थांबत नाही. तरी नावं काढली नाहीत. चूल बाईला बांधून ठेवते म्हणता, मान्य. पण याच शहरात एखादीला चुलीपाशी येऊच दिलं जात नाही, त्याबद्दलही मला कुणीतरी विचारायला हवं.

आणि स्वयंपाक नावडणारीचं काय? जालन्याची एक ताई पहिल्याच बैठकीत म्हणाली, "मला रांधायचा कंटाळा आहे, लहानपणापासून तेच केलंय." तिला कुणी चुलीपाशी नेलं नाही. ती पहाटे वाशीच्या बाजारात जाते आणि कांद्याचा भाव असा पाडते की दलालही तिला नावाने ओळखतात.

सुरुवातीला सगळ्याजणी पनीर आणि शेजवान राइस करायच्या. "हमारा खाना यहाँ कौन खाएगा?" असं म्हणायच्या. एकदा दरभंग्याच्या भाभीने स्वतःपुरती लिट्टी, म्हणजे सत्तू भरलेले कणकेचे गोळे, भाजली, तर समोरच्या बांधकामावरची पोरं वासाने आत आली. आता त्यांचे तीस डबे जातात. बीडच्या मावशीची येसर आमटी आणि भाकरी शनिवारी लागते, ती अकरा वाजताच संपते. ती पोरं डबा घ्यायला रांगेत उभी राहतात, तेव्हा मला आमच्या चाळीतली पंगत आठवते आणि मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहते.

भाभीने नवीन वही केलीय. सामान, गॅस, पोचवणं, आणि चौथा रकाना तिने स्वतः आखला, वर लिहिलं "मेरी मजूरी". गेल्या आठवड्यात तिने विचारलं, तापाने दोन दिवस झोपून होते, त्या दिवसांची मजुरी या रकान्यात धरायची की नाही? अर्ध्या जणी हो म्हणतात, अर्ध्या नाही. शनिवारी आमटी संपली की बैठक आहे.