तिसरा खांब

भोकं चारच होती. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. रक्तही फार नव्हतं, म्हणून मी म्हटलं हळद भरू, उद्या सकाळी बघू. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढलेला माणूस मी. बाहेरून पत्रा शाबूत दिसतोय म्हणून आत चेसी ठीक असेल असं धरायचं नसतं, हे मी स्वतः किती पोरांना शिकवलंय. पण घरच्या जनावराची वेळ आली की अक्कल गहाण पडते.

झालं असं. गेल्या वर्षी आषाढी होऊन चार-पाच दिवस झाले होते. साताऱ्यात तेव्हा जशी असते तशी भुरभुर चालू होती. मी एका हातात छत्री आणि एका हातात खंड्याचा पट्टा धरून गोडोलीतल्या आमच्या गल्लीतून निघालो होतो. खंड्या म्हणजे गावठी, तांबूस, १२ किलोचा. चार वर्षांपूर्वी मुलीने, प्राजूने, पुण्याहून येताना आणून आमच्या दारात सोडला आणि स्वतः परत गेली. मागच्या आळीतल्या बंगल्याचं गेट उघडं होतं. त्यातून त्यांचा अल्सेशियन बाहेर आला. भुंकला नाही, गुरगुरला नाही, सरळ आला आणि खंड्याला मानेखाली खांद्यावर धरलं. धुणं झटकावं तसं झटकलं.

मी सगळ्यात चुकीची गोष्ट केली. पट्टा ओढला. मी इकडून ओढतोय, तो तिकडून ओढतोय, मधे खंड्याचं कातडं. मग छत्री आपटली, त्याच्या अंगावर, जमिनीवर, जिथे बसेल तिथे. छत्रीच्या काड्या मोडल्या. शेवटी समोरच्या गॅलरीतल्या वहिनींनी बादलीभर पाणी वरून ओतलं तेव्हा त्याने तोंड सोडलं. त्या गडबडीत माझ्या डाव्या हाताला अंगठ्याखाली दात लागला. कुणाचा ते अजून माहीत नाही. खंड्याचाच असण्याची शक्यता जास्त. त्या क्षणी तो कुणालाही चावला असता, आणि मी त्याला दोष देणार नाही.

घरी आल्यावर सुमनने माझा हात नळाखाली धरला आणि कपड्याच्या साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुतला. तोपर्यंत मी दुसऱ्या हाताने खंड्याला हळद भरून मोकळा झालो होतो. "उद्या बघू" म्हटल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला आज डॉक्टर लागतो आणि त्याला उद्या?" सोलापुरी चादरीत गुंडाळून रिक्षाने निघालो.

डॉक्टर म्हणजे प्राजूपेक्षा लहान पोरगी. पहिलं वाक्य, "काका, हळद भरलीत?" मी म्हटलं थोडीशी. "आता ती सगळी आधी काढावी लागेल."

तिने गुंगीचं इंजेक्शन दिलं, मशीनने खांद्यावरचे केस काढले. केसांखाली कातडं काळंनिळं पडलेलं. मग तिने एक वाकडा चिमटा एका भोकातून आत सरकवला, आणि त्याचं टोक चार बोटं लांबच्या दुसऱ्या भोकातून बाहेर आलं. मी खुर्ची शोधली. ती काम करता करता सांगत होती. कुत्र्याचं कातडं अंगावर सैल असतं. दात रुतल्यावर चावणारा झटका देतो, तेव्हा कातडं नुसतं सरकतं, पण त्याच्याखालचं मांस फाटत जातं. वर भोक, आत खिसा. त्या खिशात लाळ, केस, चिखल, आणि आता माझी हळद. असली जखम वरून नीट शिवून टाकली की आत पू कोंडतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जनावर तापाने फणफणतं.

म्हणून तिने मेलेलं मांस कापून काढलं, मोठ्या सिरिंजने सलाइन मारून मारून आतला खिसा धुतला, आणि जखम पूर्ण न शिवता, मोजकेच टाके घालून, मऊ रबराच्या दोन पट्ट्या आतून घालून त्यांची टोकं बाहेर ठेवली. हे मात्र मला न सांगता कळलं. इंजिनातलं तेल काढायचा प्लग सगळ्यात तळाला असतो, तसं तिनेही रबराचं तोंड सगळ्यात खालच्या बाजूला काढलं होतं. मी तसं बोललो तर म्हणाली, "काका, तुम्ही या की असिस्टंट म्हणून."

खंड्याचं रेबीजच्या लसीचं कार्ड सुमनने पिशवीत घातलं होतं. वर्षाची लस झालेली होती, तरी डॉक्टरने त्या रात्री एक आणि तिसऱ्या दिवशी एक अशी परत दिली. आणि म्हणाली, चावणाऱ्या कुत्र्याचं कार्ड बघा, तो दहा दिवस जिवंत राहतोय का तेही बघा. चावताना त्याच्या लाळेत रोग असेल तर तो कुत्रा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो. दहा दिवसांनी धडधाकट असला तर त्या चाव्यातून रेबीज नाही.

बंगल्याच्या मालकांकडे गेलो. "आमचा कधी कुणाला चावत नाही" हे ऐकून झालं. कार्ड निघालं ते दोन वर्षांपूर्वीचं. मग काय, रोज सकाळी दूध आणायला जाताना मी त्यांच्या कंपाउंडवरून वाकून बघायचो. तो जाळीआडून माझ्यावर धावून यायचा आणि मला हायसं वाटायचं. ज्याने आमच्या पोराला फाडलं त्याला आज तरी जुलाब होऊ नयेत, त्याने पोटभर जेवावं, असं मनापासून मागणारा मीच. नवव्या दिवशी तो दिसला नाही तर माझ्या पोटात गोळा आला. तो मागच्या अंगणात आंघोळ करत होता.

माझी रवानगी सिव्हिलमध्ये. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनांची भीती घालायचे, तसलं आता काही नाही. ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन्ही दंडांना कातडीत बारीक टोचतात, फुकट. पण रक्त आलेलं असल्यामुळे पहिल्या दिवशी वजन करून त्या हिशेबाने आणखी एक औषध थेट जखमेतच भरलं. अंगठ्याखालच्या मांसात सुई. मी एसटीत बोटावर जॅक पाडून घेतलाय, तरी तिथे मी ओरडलो. तरीही, खरचटलंय फक्त म्हणून घरी बसणाऱ्यांना माझं सांगणं आहे की जा.

घरी आल्यावर चार दिवस रबरातून गुलाबी पाणी ठिबकत होतं. माझे जुने खाकी शर्ट सुमनने इतकी वर्षं पुसायला सुद्धा घेतले नव्हते, ते खंड्याखाली अंथरले. पावसाचे दिवस, माश्या. जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही, म्हणून त्याला आतल्या खोलीत मच्छरदाणीत ठेवला. गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. तो भोंगा घेऊन खंड्या दारांच्या चौकटींना, कपाटाला, सुमनच्या पोटरीला धडकत फिरायचा. गल्लीतली पोरं खिडकीतून "भोंगा आला" म्हणून ओरडायची. गोळ्या दिवसातून दोनदा. पहिले दोन दिवस मी त्या कंदी पेढ्यात घालून दिल्या. डॉक्टरला कळल्यावर तिने पेढा बंद करून कलेजी सांगितली, आणि दुखतंय म्हणून माणसांची गोळी देऊ नका असंही बजावलं. आपण सर्रास घेतो ती आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करते, किडनी घालवते. आमच्या डब्यात ती होतीच.

चौथ्या दिवशी रबर निघालं, बाराव्या दिवशी टाके. केस उगवायला लागले. बिल साडेसात हजार झालं, त्यातलं निम्मं बंगल्याच्या मालकांनी कुरकुरत दिलं. मी डायरीत लिहिलं, काम पूर्ण.

आणि मग खंड्या गेटच्या बाहेर पडेना.

पट्टा दाखवला की पूर्वी नाचायचा, आता सोफ्याखाली जायचा. तुळशीकट्ट्याशेजारी लघवी करायला लागला. तीस वर्षांत माझ्यावर कधी झाला नाही एवढा सुमनचा संताप तिथे झाला, पण त्याला ती एक शब्द बोलली नाही. मीठमोहऱ्यांनी दृष्ट मात्र काढली. मी हसलो नाही. काहीतरी करावं असं मलाही वाटत होतं.

माझे एक मित्र आपशिंग्याचे, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, भीती दाखवायची नाही, जवळ घ्यायचं नाही, लाडाने कुत्रं भित्रं होतं, त्याला थेट त्या गेटसमोर नेऊन उभा करायचा. फौजी माणूस इतक्या खात्रीने बोलतो की आपण ऐकतो. नेला. ओढतच नेला. बंगल्याच्या अलीकडे वीस पावलांवर खंड्या जमिनीला चिकटून बसला, कान मागे, आणि बसल्या जागी त्याची लघवी झाली. मी त्याला उचलून घरी आणलं. पुढचे दोन आठवडे तो पायरीही उतरला नाही. डॉक्टर म्हणाली, "घाबरलेल्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही काका, घ्या खुशाल. अशी तोंडाशी नेऊन ठेवल्याने मात्र वाढते." सुभेदारांना मी हे सांगितलं नाही.

तिने दिलेली युक्ती साधी होती. कुत्रा इतक्या लांब असावा की खंड्याला दिसेल पण त्याची भूक जाणार नाही. दिसला की कलेजी. दिसेनासा झाला की कलेजी बंद. खायचं नाकारलं तर आपण फार जवळ आलो, मागे फिरायचं.

आमच्या गल्लीत विजेचे खांब आहेत. मी लॉगशीट केलं. तारीख, खांब, खाल्लं किंवा नाही. बंगल्यापासून तिसऱ्या खांबाला तो खायचा. दुसऱ्या खांबाला कलेजी तोंडात घेऊन टाकून द्यायचा. सारखी जीभ ओठांवरून फिरवायचा, जांभया द्यायचा. मला वाटायचं झोप आली. ती भीती होती.

आठ-दहा दिवस प्रगती शून्य. उलट खिशातली प्लास्टिकची पिशवी नुसती वाजली तरी तो थरथरायचा. रात्री शीट घेऊन बसलो तेव्हा ट्यूब पेटली. लांबून कुत्रा दिसला की मी आधी खिशात हात घालत होतो. म्हणजे आधी पिशवीचा आवाज, मग कुत्रा. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का झाला होता: पिशवी वाजली की कुत्रा येतो. क्रम उलटा बसवला होता मी. टायमिंग चुकलं की इंजिनही असंच उलट मारतं. कलेजी स्टीलच्या छोट्या डबीत घातली, आणि खंड्याने स्वतः कुत्रा बघितल्याशिवाय डबीला हात लावायचा नाही असं ठरवलं.

दुसरी चूक प्राजूने पकडली. सुमनने व्हिडिओ पाठवला होता. "पप्पा, तुमचा हात बघा." समोर कुत्रा यायच्या आधीच मी पट्टा मनगटाला दोन वेढे मारून आवळत होतो. माझा अंगठा अजून दुखायचा पाऊस पडला की. त्या गल्लीत शिरताना खंड्याआधी माझा श्वास अडकायचा आणि तो पट्ट्यातून थेट त्याच्या मानेपर्यंत जायचा. त्यानंतर मी पट्टा सैल धरायचं ठरवलं आणि हाताला चाळा म्हणून पावलं मोठ्याने मोजायला लागलो. लोकांना वाटलं रिटायरमेंटनंतर माणूस फिरला.

गणपतीत ढोलताशांनी सगळं धुऊन नेलं, पुन्हा तिसऱ्या खांबाच्याही मागे. दिवाळीत फटाक्यांचे पाच दिवस तो आणि मी आतल्या खोलीत, रेडिओ मोठा करून. त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली. मार्गशीर्षात दुसरा खांब. संक्रांतीच्या सुमाराला पहिला.

मधल्या काळात मी एक काम केलं. हत्यारांची पिशवी घेऊन बंगल्यावर गेलो आणि त्यांच्या गेटला स्प्रिंग बसवली, आपोआप बंद होणारी. मालक म्हणाले किती झाले? मी म्हटलं कुत्र्याची लस करून घ्या, तेवढं पुरे. करून घेतली. कार्ड आणून दाखवलं, न मागता. आता आम्ही एकमेकांना नमस्कार करतो, फार बोलत नाही.

राहिली छत्री. ती मोडकी छत्री मी फेकून दिली, पण दुसऱ्या कुणाचीही छत्री फटकन उघडली की खंड्या आजही जमिनीला चिकटतो. अल्सेशियनपेक्षा त्याच्या लक्षात माझी छत्रीच जास्त राहिली आहे. तो सारा पाऊस मी जुन्या खाकी रेनकोटात काढला. यंदा प्राजूने नवी छत्री पाठवली आणि फेब्रुवारीपासून ती व्हरांड्यात आडवी पडून आहे. आधी मिटलेली, तिच्यावर कलेजी. मग अर्धी उघडलेली. आता पूर्ण उघडी, जमिनीवर उलटी, झाडूवाल्या बाईंच्या शिव्या खात.

काल संध्याकाळी वळवाचे चार थेंब पडले. मी रेनकोट घातला. खंड्या आला, छत्रीच्या काठावर पाय ठेवला, आत डोकं घालून सगळीकडे हुंगलं आणि तिथेच बसून माझ्याकडे बघत राहिला. डबीतली कलेजी दुपारीच संपली होती.