काळ्या जमिनीवर पिच शॉट : उन्हाळ्यातली प्रगती

गोल्फमधल्या पिच शॉटचं, म्हणजे थोड्या अंतरावरून उंच उचलून मारायच्या फटक्याचं, अंतर आता हातात बसायला लागलंय, आणि त्याचं मोठं श्रेय आमच्या जळगावकडच्या काळ्या जमिनीला आहे. हरभरा निघाला की शेत उन्हाने तापून कडक होतं, भेगा पडतात. अशा जमिनीवर वेज (बॉल उंच उचलणारी, तिरक्या तोंडाची काठी) बॉलच्या जराही मागे टेकली की उसळते, धार बॉलच्या मध्यावर बसते आणि बॉल सरपटत थेट बांधाला लागतो. मऊ हिरवळीवर असा फटका कधीकधी निभावून जातो. इथे निभावत नाही, म्हणून शिकायला ही जागा फार चांगली.

सराव उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतच. मे महिन्यात आठनंतर ग्रिपसुद्धा हातात धरवत नाही.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो फक्कीच्या रेघेचा. कबड्डीचं मैदान आखतात तशी एक सरळ रेघ मारायची, ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि बॉल न ठेवताच स्विंग करायचा. फक्की उडते आणि जमिनीवर ओरखडा नेमका कुठून सुरू झाला ते स्वच्छ दिसतं. तो रेघेवर किंवा रेघेच्या पुढेच सुरू व्हायला हवा. मार्चमध्ये ओरखडे कुठेही पडायचे, आता बहुतेक रेघेला चिकटून दोन बोटं पुढे जातात. त्यासाठी दोनच गोष्टी धरून ठेवल्या. वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर थोडं जास्त, आणि फटका लागल्यावरही छाती लक्ष्याकडे वळत राहिली पाहिजे. छाती थांबली की मनगटं एकटीच पुढे धावतात आणि वेज मागे टेकते. (मी उजव्या हाताने खेळतो, डावखुऱ्यांनी उलटं धरावं.)

आता बाउन्सबद्दल. वेजचा तळ पुढच्या धारेपेक्षा जितका खाली उतरलेला, तितका बाउन्स जास्त. गोल्फपटू जीन सॅराझेनने नायब्लिक या जुन्या काठीच्या मागे शिसं जोडून असा जाड तळ तयार केला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकताना ती सँड वेज, म्हणजे वाळूतून बॉल काढायची वेज, वापरली. वाळूत हा तळ धारेला खोल रुतू देत नाही. पण कडक जमिनीवर तोच तळ आधी आपटतो. म्हणून उन्हाळाभर ५६ अंश तिरक्या तोंडाची, १२ अंश बाउन्सची वेज बॅगेतच ठेवली आणि ५२ अंशाची, ८ बाउन्सची वापरली. बॉल थोडा खालून जातो, पण फटका स्वच्छ लागतो.

अंतरासाठी डेव्ह पेल्झची घड्याळाची पद्धत घेतली. पेल्झ आधी नासात संशोधक होता, नंतर आयुष्यभर त्याने शॉर्ट गेमचीच, म्हणजे जवळच्या अंतरावरच्या फटक्यांची, मोजमापं केली. मागे नेताना डावा हात साडेसात, नऊ किंवा साडेदहाच्या काट्यावर थांबवायचा आणि वेग प्रत्येक वेळी तोच ठेवायचा. माझ्या ५२ ला साधारण ३०, ५० आणि ७० यार्ड मिळतात. जोर कमी-जास्त करून अंतर काढायची सवय यानेच सुटते, असं माझं ठाम मत आहे.

मोजायचं ते बॉल पडतो तिथपर्यंतच. कडक शेतात तो पुढे कितीही पळतो, त्यावरून ग्रीनवरचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, अंदाज येत नाही. म्हणून ३० आणि ५० यार्डांवर एकेक गोणपाट अंथरतो. बॉल गोणपाटावर पडला की धप्प असा दबका आवाज येतो, ढेकळावर पडला की टणकन वाजतो, त्यामुळे मान वर न करताही कळतं. शेजारच्या शेतातले आबा पहिल्यांदा बांधावर येऊन म्हणाले, “हाई काय करी ऱ्हायना रे भाऊ?” आता तेच भेगांत गेलेले बॉल काठीने उकरून देतात आणि गोणपाट चुकलं तर किती हात चुकलं तेही सांगतात.

३० आणि ५० वर भरवसा आलाय. ७० अजून डावीकडे ओढला जातो. साडेदहाला खांदे पुरते वळत नाहीत असं व्हिडिओत दिसतं, त्यावर काम चालू आहे. पाऊस पडला की या शेतात कपाशी लागेल, तेव्हा सराव नदीकाठच्या गवताळ पट्ट्यात हलवणार. ओल्या चिकट मातीत कमी बाउन्सची धार रुतेल, त्यामुळे तिथे ५६ बाहेर काढायची आणि तिन्ही काट्यांची अंतरं नव्याने मोजायची.