थांब, बघून सांगतो

दुपारची जेवणं आटोपली आणि विषय निघाला रवी शास्त्रीच्या सहा षटकारांचा. गोलंदाज कोण होता, यावर मेहुण्याचा आणि माझा आवाज आता कुठे चढायला लागला होता, तेवढ्यात भाचा फोन काढून म्हणाला, "थांब मामा, बघून सांगतो." तिलक राज, बडोदा, वानखेडे, १९८५. झालं! सुपारी कातरून व्हायच्या आत वाद खलास.

लहानपणी आमच्या कराडच्या घरी एकेक वाद आठवडाभर पुरायचा. कोयनेचा भूकंप झाला ती पहाट रविवारची की सोमवारची, यावर आजोबा आणि शेजारचे नाना किती तरी संध्याकाळी भांडले. आजीचा पुरावा विरजणाच्या उलटलेल्या पातेल्याचा. मग साक्षी वाढत जायच्या: कुणाची गाय दावं तोडून पळाली, कोण बायकोचं लुगडं पांघरून रस्त्यावर आलं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार. आता हे अर्ध्या सेकंदात कळतं. लुगड्याचं कळत नाही.

खरं तर त्या अर्ध्या सेकंदात गूगलचं शोधयंत्र जगभर हिंडत नसतंच. पानं आधीच वाचून त्यानं कुठला शब्द कुठे आहे याची सूची करून ठेवलेली असते. पहिला नंबर कुठल्या पानाला द्यायचा, यासाठी पुढे गूगल काढणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना जी युक्ती काढली, ती म्हणजे निव्वळ आपली स्थळाची चौकशी. मुलगा चांगला असं किती जण सांगतात ते बघायचं, आणि सांगणाऱ्यांना गावात कितपत मान आहे तेही बघायचं. इथे मुलगा म्हणजे पान, आणि सांगणारे म्हणजे त्याचा दुवा देणारी दुसरी पानं. मग लोकांनी भाडोत्री मामा उभे केले, हे ओघानं आलंच! आता त्यात आणखी बरंच काही मिसळलंय. शिवाय आयफोनवर आपणच आधी दिसावं म्हणून गूगलनं २०२२ साली ॲपलला वीस अब्ज डॉलर मोजले. आमचे नाना फुकटात चुकायचे.

हल्ली मी मुद्दाम असे वाद काढतो, जे कुणी कुठे लिहूनच ठेवलेले नाहीत. आमच्या गल्लीतला पिंपळ कुठल्या साली पाडला? भाचा पाच मिनिटं फोन चाळतो आणि मला पिंपळाचे औषधी उपयोग वाचून दाखवतो. मी खूश.

पण ते साल नक्की सांगू शकतील अशी दोनच माणसं आता उरलीत, आणि त्यातल्या एकीला ऐकू येत नाही.