तुम्ही विचारलंत म्हणून: रोल-प्लेइंग खेळातल्या कॅम्पेनचं जग कुठून आणायचं

"मॅप काढून होतो, देवांची नावं ठरतात, आणि पुढे काही सुचतच नाही, तू जग कुठून आणतेस?" नुकतंच डीएमिंग, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात जग रचून प्लेयर्ससमोर गोष्ट चालवणं, सुरू केलेले बरेच जण हे विचारतात. कॅम्पेन म्हणजे अशीच अनेक सेशन्स चालणारी एक लांब गोष्ट. नाशिकमध्ये राहून माझं उत्तर ठरूनच गेलंय. मॅप, देव, राजघराणी सगळं नंतर, आधी एक व्यवहार शोधा. कुणी कुणाला काय दिलं, कुणी ते सांभाळायचं कबूल केलं, आणि ते कुठे अडलं.

पांडवलेण्यांवर आपण सगळेच जातो, पायऱ्या चढून दमतो, फोटो काढतो, पण दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर काय लिहिलंय ते कळलं तेव्हा मी वेडीच झाले. इथला तेव्हाचा शक राजा, क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात, त्याने लेणं बौद्ध भिक्षूंना दिलं आणि वर ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली, ती पण कुठे तर गोवर्धनच्या, म्हणजे इथल्याच, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे. २००० महिना शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीच परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशोब करून बघा, २४० होतात, बरोबर २००० चं वर्षाचं व्याज!

आता मुद्दल कधीच परत करायचं नाही म्हणजे देणं कधीच फिटत नाही. माझं कॅम्पेन इथूनच निघालं. माझ्या जगात विणकर अजूनही दर पावसाळ्यात वीस चीवरं, म्हणजे भिक्षूंची वस्त्रं, डोंगरावर नेऊन ठेवतात, भिक्षू संपून शतकं झालीत, तरी सकाळी चीवरं तिथे नसतात. यंदा सूतच आलेलं नाही. प्लेयर्सना एवढंच सांगायचं. मग सूत कुठून यायचं, तो रस्ता आता कुणाच्या ताब्यात आहे, विणकरांमधली तरुण पोरं हे देणं का मानत नाहीत, चीवरं नेतं कोण, ही सगळी उत्तरं त्यांनी विचारलं की तयार करायची, आणि मॅप तेवढाच काढायचा जेवढा त्यांना चालायचाय.

तीन नंबरचं लेणं तर थेट क्वेस्टच आहे. तिथला शिलालेख सांगतो, नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी भिक्षूंना एक शेत दिलं, जे आधी उषवदाताकडे होतं. २४ व्या वर्षी परत आज्ञा निघते, राजा आणि राजमाता दोघांची, की ते शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची राजाची १०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन द्या. गाव का उठलं ते शिलालेखात नाही! ते तुम्ही ठरवायचं, आणि मला विचाराल तर राक्षस वगैरे पटकन आणू नका, आधी बघा की जमीन बदलून मिळाल्याने फायदा कुणाचा झाला.

खजिना देताना पण हेच. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३ हजारांच्या वर, आणि त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्राचा छाप मारलेला. माझ्या जगात नाण्याची जादू ज्याचा छाप त्याचं ऐकते, त्यामुळे असं दुहेरी नाणं खर्च करताना डाइस टाकावा लागतो, जुना राजा ऐकतोय की नवा. इतिहासाची वीस पानं लिहून दिली तर कुणी वाचत नाही हो, पण हातातलं नाणं ऐकत नाहीये म्हटलं की सगळे पुढे सरकून बसतात आणि स्वतःहून विचारायला लागतात की हा जुना राजा कोण होता.

तुम्ही नाशिकचे नसलात तरी अडत नाही. गावात पालखी कुठल्या गल्लीतून जाते आणि कुठल्या गल्लीतून जात नाही, सप्त्यात पंगतीचा मान कुणाचा, देवळाची जमीन कोण कसतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तासभर बोलतील. नावं बदला, त्यातल्या एका कबुलीला जादू लावा आणि यंदा ती मोडणार आहे असं ठरवा. पहिल्या सेशनला तेवढं भरपूर होतं.