आमची वाटचाल : पुढच्या खोलीतले दोन माग

१९९८ साली लग्न होऊन मी येवल्यात आले तेव्हा घरात पाहुण्यांना बसवायला पुढची खोली नव्हतीच. तिथे दोन खड्डामाग (जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे हातमाग), आणि मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. पाहुणे स्वयंपाकघरात बसायचे. माझं माहेर कोपरगावचं, उसाच्या पट्ट्यातलं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी रहाटापुढे बसवलं. म्हणाल्या, "स्वयंपाक येतोच तुला. आता कांडी भरायला शीक." म्हणजे विणायचा आडवा धागा छोट्या नळीवर गुंडाळायला.

कागदोपत्री आमचा व्यवसाय २००७ चा आहे. मी मात्र त्या कांडीपासून मोजते.

तेव्हा सासरे (त्यांना गल्लीत सगळे अण्णा म्हणतात) मजुरीवर विणायचे. रेशीम आणि जर व्यापाऱ्याची, माग आणि कंबर आपली. साडी उतरली की मजुरीतून आधीची उचल वळती व्हायची आणि उरलेल्यात किराणा. २००४ मध्ये माझी भिशी लागली. त्या पैशांत बंगळूरचं रेशीम आणि सुरतची जर आणून आम्ही पहिली स्वतःची पैठणी मागावर चढवली. जांभळी, नारळी काठाची, पदरावर मुनिया. ती मनमाडच्या एका शिक्षिकेने तीन हप्त्यांत घेतली. तिसरा हप्ता द्यायला त्या आल्या तेव्हा साडी नेसूनच आल्या होत्या. अण्णांनी त्यांना उन्हात उभं करून पदर पुन्हा तपासला, त्या बिचाऱ्या अवघडून गेल्या.

पैठणीचं अंग आणि पदर ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आमच्या घराचं वेळापत्रक त्यावरच चालतं. अंग विणताना धोटा सारखा फिरतो, हात्या ठोकत राहतो. खटखटीत घरात हाक मारली तरी ऐकू येत नाही. पदर लागला की सगळं गप्प. जरीच्या जमिनीवर रेशमाची नक्षी, प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी काडी), ताण्याचे म्हणजे उभे धागे मोजायचे आणि बोटांनी गुंतवायचं. भरगच्च पदर असेल तर दिवसाकाठी दोन बोटं सरकला तरी चांगलं. डोळे आणि हात अडकलेले, कान मोकळे. म्हणून आमच्याकडे पदराच्या दिवसांत वाचन होतं.

हे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी सुरू केलं. श्रावणात पोथी, एरवी पेपर. त्यांचे डोळे थकल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी वाचनालयातून कादंबऱ्या आणायला लागले आणि अण्णांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं. आठव्या दिवशी मी भाजी निवडत होते तर आतून आवाज आला, "त्या वकिलाचं पुढं काय झालं?" मुलगी दहावीत असताना इतिहासाचं पुस्तकही मागाशेजारीच वाचायची. १८५७ च्या धड्यात तात्या टोपे एका ओळीत उरकलेले ऐकून अण्णांनी तिल्ली खाली ठेवली. "जन्म आपल्या येवल्याचा, आणि एक ओळ?" त्या दिवशी मोराची मान अर्धीच राहिली.

काळजीही पदरातच जास्त येते. खटखट नसते ना. २०१२ साली आईंना नाशिकला दवाखान्यात ठेवलं होतं. साडी मुदतीची होती, अण्णा माग सोडेनात. उतरल्यावर उजेडाकडे धरली तर पदरात चार बोटांचा पट्टा दाटलेला, तिथले मोर बसके. "हात जड पडला," एवढंच म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला कारण सांगून दीड हजार कमी केले. मी तेव्हा खूप चिडले. दवाखान्याचं बिल भरायचं होतं आणि हे न मागता पैसे सोडत होते. साडी घेणाऱ्या बाईंना तो पट्टा दिसलाही नसता. पण तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. विणणाऱ्याच्या घरी आजारपण किंवा भांडण असलं की पदर थांबवायचा आणि दुसऱ्या मागावर अंग विणायला बसायचं. साडी उशिरा मिळेल, तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. काहींनी त्यावरून ऑर्डर रद्द केल्या आहेत.

बाकीची संकटं सगळ्यांना माहीत असलेलीच. एका शहरातल्या दुकानदाराने सहा साड्या उधारीवर नेल्या आणि फोन घेणं बंद केलं. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी ऐन लग्नसराईच्या तोंडावर आली. मजुरी रोखीची, आणि घरात होत्या त्या नोटा चालेनात. मार्च २०२० मध्ये अकरा साड्या तयार होत्या आणि लग्नं थांबली. पुढे रेशीमही महागलं. त्या काळात मुलीने फोनवर पदर उलटा करून दाखवायचे व्हिडिओ केले, त्यातून नागपूरची एक ऑर्डर आली आणि मग हळूहळू बाहेरगावची गिऱ्हाइकं जोडली गेली.

उलट्या बाजूचा आग्रह आम्ही आजही धरतो. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच, नीटनेटकी दिसते. पाठीवर मोकळे धागे लोंबताना किंवा कापलेले दिसले तर ती सेमी पैठणी, यंत्रावरची. सेमी वाईट नाही, माझ्याकडेही दोन आहेत, पावसात नेसायला बऱ्या. फक्त ती हातमागाच्या भावात विकू नये.

आज चार माग आहेत. दोन अजून पुढच्या खोलीतच, दोन विणकरांच्या घरी. साध्या पदराची साडी महिना-दीड महिना घेते, मोठ्या पदराची तीन-चार महिने. संक्रांतीला मात्र विचारू नका. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं येवला गच्चीवर असतं. रेशीम ज्या आसारीवर गुंडाळतात तिच्याच जातीची आसारी पतंगाच्या मांजाला, त्यामुळे विणकरांची पोरं पतंगात भारी. माझा मुलगा मागावर बसत नाही, आसारी मात्र सोडत नाही. त्याने विणावं असं अण्णांना वाटतं, मला तितकंसं वाटत नाही. त्यांचे गुडघे आणि माझा चष्म्याचा नंबर मी रोज बघते. मुलगी हिशेब आणि ऑर्डरी सांभाळते, विणकामातलं तिला सगळं कळतं आणि ती विणत नाही.

अण्णा आता फक्त सांधणी करतात, जुन्या ताण्याच्या टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडायचा. त्यांच्या मागावर गल्लीतल्याच एक मावशी बसतात. परवा त्यांचा पदर संपला तेव्हा कादंबरीची चाळीसेक पानं शिल्लक होती. सोमवारपासून हिरव्या साडीचं अंग लागलंय, खटखट सुरू आहे. मावशी रोज जाताना दारात चपला घालत विचारतात, "तिचा नवरा परत येतो का, एवढंच सांगा." अण्णांनी मला सांगू दिलेलं नाही. पुढचा पदर गणपतीनंतर लागेल.