हवामान: मुसळधार

मे महिन्यातली टळटळीत दुपार. गल्लीत चिटपाखरू नाही. सुट्टीला आलेला भाचा टीव्हीसमोर मांडी ठोकून बसला होता आणि मी मागे पंख्याखाली आडवा. पडद्यावर बेल्जियममधला स्पा-फ्रँकोर्शाँचा ट्रॅक. शर्यतीआधी मेनूत हवामान विचारतात, तिथे त्याने सवयीने 'निरभ्र' टाकलं.

"पाऊस लाव की," मी म्हटलं.

"नको ना मामा, गाडी घसरते."

"म्हणून तर लाव."

त्याने लावला नाही. त्याला जिंकायचं होतं, आणि त्यात काही चूक नाही. पण माझी झोप उडाली ती उडालीच.

मला एक खोड आहे. नवा रेसिंग गेम आला की मी आधी त्यातला पाऊस बघतो. गाड्या किती, इंजिनाचा आवाज कसा, ते सगळं मागाहून. हवामान मुसळधार ठेवायचं, कॅमेरा गाडीच्या आत घ्यायचा, पिटमधून बाहेर पडायचं आणि थोडं पुढे जाऊन गाडी चक्क कडेला उभी करायची. वायपर चालू. बाकीचे शर्यत करोत बापडे. बायको एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "बंद पडली का?" म्हटलं, नाही, बघतोय. तिने पुढे काही विचारलं नाही.

'ड्राइव्हक्लब'ला २०१४च्या डिसेंबरात पाऊस मिळाला, तेव्हा लोक असेच बघत बसले होते. काचेवरचे थेंब गाडी वळली की एका अंगाला सरकायचे, वेग घेतला की लगबगीने पांगायचे. त्याआधीचा आमचा पाऊस म्हणजे नुसता देखावा. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' खेळायचो, त्यातले रस्ते कायम ओलेचिंब. पाऊस पडताना कुणी बघितला नाही, पण निऑनचे दिवे चमकायला रस्ता ओला पाहिजे, म्हणून ओला. त्यावरून दोनशेने गाडी हाणली तरी ती घसरायला तयार नसायची. भाचा असता तर खूश झाला असता.

माझा मामा त्यावर हसला असता. मामाची फियाट होती, आणि रत्नागिरीच्या कोर्टात जमिनीची एक केस होती, तिची तारीख नेमकी जुलैत पडायची. शाळा बुडवून सोबतीला मी. कोल्हापूर सोडलं की मलकापूरपर्यंत भुरभुर, आणि आंबा घाटाच्या तोंडाशी आभाळच खाली उतरलेलं. मलकापुरात मामा गाडी थांबवायचा, चंचीतली चिमूटभर तंबाखू ओली करून पुढची काच बाहेरून घासायचा. मग पाण्याचे थेंब धरत नसत, सपाट पसरून उतरायचे. काचेला तंबाखूचा पिवळट ओघळ राहायचा आणि गाडीत दिवसभर तोच वास. आतली काच मात्र श्वासाने धुरकटायची. ती पुसायचं काम माझं. जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून, मामाच्या नजरेच्या आड हात न येईल असा पुसायचा. तो एकदा आला, तर जी काही ऐकून घ्यावी लागली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

घाटात मामा गप्प व्हायचा. दुसरा गिअर, डोळे डोंगराच्या बाजूच्या गटारावर. मला म्हणायचा, "रस्ता मी बघतो. पाणी कुठनं आडवं येतंय तेवढं तू बघ." आणि खरंच, एखाद्या वळणावर गटार तुंबलेलं असायचं आणि तांबडं पाणी या काठावरून त्या काठाला रस्ता ओलांडत असायचं. मी ओरडायचो, "आलं!" मामा ब्रेकवर पाय न देता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा. "स्टेअरिंग हलकं लागलं की काही करायचं नाही," हा त्याचा सिद्धान्त. "जरा वेळ गाडी पाण्याची असते. तिनं परत दिली की घ्यायची."

२००३ साली फॉर्म्युला वनच्या ब्राझीलमधल्या शर्यतीत, इंटरलागोस ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर असंच पाणी आडवं वाहत होतं. एकामागोमाग एक गाड्या तिथेच जाऊन आदळल्या, त्यात मायकेल शूमाखरही. टीव्हीवर ते बघताना मला पहिल्यांदा काय आठवलं असेल, तर गटार. २००७ला जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगवर तेच, पहिल्या वळणावर. उतार, सखल जागा, आणि पाण्याला जायला वाट नाही.

गेमवाल्यांना थेंब लवकर जमले, ही सखल जागा जमायला फार वर्षं गेली. 'ग्रां प्री ३' मध्ये २००० साली पाऊस होता, 'ग्रां प्री ४' ने तो आणखी सुधारला, पण डबकं जिथे साचायला हवं तिथेच साचावं, गाड्यांनी ते हळूहळू उडवून न्यावं, आणि ते जिथे जाऊन पडेल तिथे नवा ओला पट्टा व्हावा, हा सगळा जमाखर्च संगणकाने दर क्षणी मांडायचा म्हणजे खायचं काम नाही. 'आयरेसिंग' बघा. २००८ला आलं. ट्रॅक लेझरने मोजलेले, डांबराचा उंचवटा न् उंचवटा जागच्या जागी. आणि पाऊस आला २०२४च्या मार्चमध्ये! सोळा वर्षं सगळ्या जगात कोरडं ऊन. मंडळींनी आळस केला असं मी म्हणणार नाही. अर्धवट पाऊस देण्यापेक्षा दुष्काळ बरा, असं त्यांचं असावं, आणि मला ते पटतं.

कारण खरी गंमत पाऊस पडताना नाहीच, ती थांबल्यावर आहे. मधली रेषा वाळत जाते, कडा ओल्या राहतात, इंटरमिजिएट, म्हणजे कमी पाण्यासाठीचे मधले टायर तापून उठतात आणि ड्रायव्हर सरळ रस्त्यावर मुद्दाम डबक्यातून गाडी घालून त्यांना गार करतात. 'असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने' मध्ये हे वाळणं बघत मी फेऱ्यांमागून फेऱ्या वाया घालवल्या आहेत. 'प्रोजेक्ट कार्स २' मध्ये डबकं लागलं की हातातलं चाक एकदम लुळं पडतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा माझा पाय आपोआप वर आला. मामाने शिकवलेलं पंचवीस-तीस हजारांच्या यंत्रावर उपयोगी पडलं, बघा.

आणखी एक गोष्ट गेममध्ये आहे, जी आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. कोरड्यात गाड्या ज्या रेषेने जातात तिथे टायरचं रबर बसत जातं आणि पकड तिथेच मिळते. पाणी पडलं की तीच रेषा सगळ्यात गुळगुळीत. म्हणून जाणते ड्रायव्हर वळणाच्या बाहेरच्या अंगाने, जिथे कोरड्यात कुणी फिरकत नाही तिथून जातात. १९९३ला इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला आयर्टन सेना हा ड्रायव्हर पहिल्या वळणात पाचवा होता आणि फेरी संपेपर्यंत पहिला. ती फेरी पुन्हा बघताना गाड्यांकडे नको, त्याच्या रेषेकडे बघा. आपल्याकडे मृगाची पहिली सर आली की उड्डाणपुलाच्या वळणावर दुचाक्या पटापट आडव्या होतात, तेही असंच. उन्हाळाभर सांडलेलं तेल, धूळ, आणि वर जेमतेम रस्ता भिजेल एवढं पाणी. जुलैतल्या धो धो पावसात एवढे पडत नाहीत. पण माझ्या गेममध्ये मदतीसाठी हिरवी-लाल रेषा आखून देतात, ती भर पावसातही कोरडीच रेषा दाखवते. भाचा इमानेइतबारे तिच्यावरून जातो आणि दर वळणाला गवतात उतरतो. सांगून बघितलं. "पण रेषा तिकडेच आहे ना," म्हणतो.

गेममध्ये मला न पटणारा पाऊस एकच: पुढच्या गाडीचा फवारा. फॉर्म्युला वनला टायर पुरवणारी पिरेली कंपनी सांगते की त्यांचा पूर्ण पावसाळी टायर ३०० किलोमीटरच्या वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो. एकेक टायर. असे एका गाडीला चार, आणि गाड्या वीसेक. ते पाणी जातं कुठे? मागच्याच्या तोंडावर. टायर कितीही चांगला असो, दिसतच नाही तर करणार काय? २०२१ला याच स्पावर लोक तासन् तास पावसात बसले, गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असला की सगळ्यांपुढे संथ चालणाऱ्या गाडीच्या मागे थोड्या फिरल्या, एकही ओव्हरटेक झाला नाही आणि अर्धे गुण वाटून शर्यत संपवली. गेममध्ये एवढा फवारा ठेवला तर कुणी खेळणार नाही. म्हणून तो पातळ करतात. मीही तक्रार करत नाही.

मी तक्रार करतो ती दुसऱ्याच गोष्टीची. पावसात कुणीतरी गाडी ठोकतं, व्हर्च्युअल सेफ्टी कारची पाटी येते, म्हणजे पुढे खरी गाडी नसतेच, आणि सगळ्यांना ठरलेल्या संथ वेगात चालावं लागतं. मेहनतीने कमावलेली लय जाते. मी मोठ्याने चरफडतो. ५ ऑक्टोबर २०१४ला जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीत पाऊस होता, उजेडही कमी झाला होता. सातव्या वळणावर एक गाडी पाण्यावरून घसरून बाहेर गेली. ती उचलायला क्रेनचं वाहन आलं, पिवळे झेंडे हलत होते, आणि पुढच्याच फेरीत त्याच वळणावर ज्यूल बियांकी या फ्रेंच ड्रायव्हरची गाडी घसरली ती थेट त्या वाहनाखाली. पुढच्या जुलैत तो गेला. पंचवीस वर्षांचा होता. व्हर्च्युअल सेफ्टी कारचा नियम त्यानंतरचा, २०१५पासूनचा.

पाटी आली की आपण ठरलेल्या वेगात आहोत की नाही हे सांगणारा एक आकडा पडद्यावर येतो, तो हिरवा ठेवायचा असतो. मी ठेवतो. बहुतेक वेळा.