माड का थरथरत होते
आजचा अख्खा दिवस गोव्यातल्या मांडवी नदीतल्या फेरीबोटीच्या एका शॉटवर गेला. गेमच्या सुरुवातीचं ॲनिमेशन 40 सेकंदांचं. पात्रं सेकंदाला 12 चित्रांची, म्हणजे एकाच पात्राची 480. गेम चालतो सेकंदाला 60 फ्रेमवर, तिथे ही 12 चित्रं अगदी बरोबर बसतात, प्रत्येक चित्र 5 फ्रेम टिकतं. पण पॅन, म्हणजे दृश्याचं आडवं सरकणं, सेकंदाला 24 चित्रांचा केला की एक चित्र 2 फ्रेम, पुढचं 3 फ्रेम दिसतं आणि काठावरची माडांची रांग थरथरते. फार डोळ्यांत खुपतं ते! म्हणून माड, पाणी, आभाळ वेगवेगळ्या लेयरवर ठेवून पॅन गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनातच, 60 ने चालवायचा.

चालणाऱ्या माणसाला मात्र हे लावू नका, माणूस 12 ने हलतो आणि जमीन 60 ने सरकते, म्हणून पाय जमिनीवरून घसरतात. तिथे पॅन संथ ठेवून पार्श्वभूमीही 12 नेच सरकवा. बेतीच्या धक्क्यावर उतरणारी मासेवाली आता पाऊल रोवून चालते, डोक्यावरच्या टोपलीतून पाणी ठिबकतंय.